फुकटचे टायर आणि पदरची जिप्सी

«काका, मी कराडचा, वय २८. तासवडे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी २००८ची मारुती जिप्सी घेतली, पार गंजलेली. मामाच्या गॅरेजात सुट्टीच्या दिवशी पगारातून जमेल तसं काम करतोय. चॅसिस, पत्रा, रंग, इंजिन झालं. पाटे (चाकावरच्या स्प्रिंगा), शॉकअप, टायर आणि सीटा बाकी आहेत. पासिंग २०२८ पर्यंत आहे. मागच्या महिन्यात पुण्यात मॉडिफाइड गाड्यांच्या एका शोला जुन्याच टायरवर गाडी नेली. ट्रॉफी मित्राच्या जिप्सीला मिळाली. ती एका ॲक्सेसरीजच्या दुकानाने चार महिन्यांत करून दिलेली, अंगभर स्टिकर. आता तेच दुकान मला म्हणतंय, ३१ इंची टायर, अलॉय रिम, पुढचा पाइपचा बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि एलईडी बार देतो, दोन लाखांचा माल आहे. बदल्यात दोन वर्षं त्यांचे स्टिकर, दर आठवड्याला एक रील, आणि जानेवारीच्या शोला गाडी त्यांच्या स्टॉलवर उभी पाहिजे. बाबा म्हणतात, घे गप. मला वाटतं घेतलं तर गाडी माझी राहणार नाही, आणि लोक म्हणतील, याला काय, सगळं फुकटच मिळालं. मुळात पदरचे घालणारा आणि फुकट मिळालेला यांना एकाच रांगेत उभं करणं बरोबर आहे का?»

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो. आधी उत्तर सांगतो, कारण बाबा तुझ्या शेजारी बसून हे वाचत असतील. हा सौदा आहे तसा घेऊ नकोस. स्टिकर लागल्याने गाडी परकी होते म्हणून नव्हे. स्टिकर तासाभरात निघतात, हेअर ड्रायर पुरतो. माझा आक्षेप टायरना आहे.

तुझ्या जिप्सीला मूळचा २०५/७० आर १५ मापाचा टायर बसतो असं धरू. त्याची उंची साधारण २६.३ इंच. त्याच्या जागी ३१ इंची घातलास की चाक जवळपास १८ टक्क्यांनी मोठं होतं. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला उंची कळत नाही; म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा तू ७० च्या वर असशील. हे एक वेळ लक्षात ठेवता येतं. पण तेच १८ टक्के गिअरवरही बसतात. १३०० सीसीचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन, आणि तेही वरच्या फेऱ्यांत जोर देणारं. चिपळूणहून कुंभार्ली चढताना जिथे तिसऱ्यावर निघायचास तिथे दुसरा टाकावा लागेल. मग मामा म्हणतील, क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधले गिअर, बदलू. ते दुकान देणार आहे का? यादीत दिसत नाही.

पुढे बघ. ३१चं चाक मूळ उंचीवर वळवलंस की मडगार्डला घासतं. म्हणून गाडी उचलायची, पाट्यांना लांब शॅकल (टोकाच्या कड्या) किंवा नवे पाटे. गाडी उचलली की ब्रेकचे होज, म्हणजे रबरी नळ्या, तोकडे पडतात, पूर्ण झोल घेतल्यावर ताणले जातात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि ठरावीक वेगाला खालून घरघर सुरू होते. तरीही घासलंच तर मडगार्डची कड कापायची, म्हणजे तू तीन वर्षं राबून ज्या पत्र्याला प्रायमर आणि रंग चढवलास तोच पत्रा ग्राइंडरखाली जाणार. पुढच्या नकलची, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याची, किंग पिन बेअरिंग जुनी असतील तर जड चाकाने स्टिअरिंग थरथरायला लागेल. ब्रेक मात्र तेच, मूळचे, हलक्या आणि छोट्या चाकासाठी केलेले. शेवटी बंपर आणि विंच मिळून पुढच्या टोकाला जे वजन चढेल त्याने नवे पाटेसुद्धा बसायला लागतील. दुकानाने दिले टायर. त्यापाठोपाठ येणारं सगळं तुझ्या पगारातून. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी या टायरची बेरीज कागदावर मांडून बघावी. बाबांनाही हाच हिशेब दाखव, त्यांना भावनेपेक्षा आकडा पटेल.

आता मित्राची जिप्सी चार महिन्यांत कशी झाली आणि तुझी तीन वर्षांत का नाही, याने तू स्वतःला उगाच खातोयस. त्या दोन गाड्या वेगवेगळ्या कामासाठी जन्मल्यात. प्रायोजित शो-कारचं माहेर अमेरिकेत आहे, लास वेगासचा सेमा शो. सेमा ही गाड्यांचे जादा सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना. पहिला शो १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये झाला, १९७७ पासून तो लास वेगासला असतो, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तो मुळात व्यापाऱ्यांचा बाजार आहे. अलॉयवाला, शॉकअपवाला, रंगवाला आपला माल दुकानदारांना दाखवायला येतो, आणि नुसता माल टेबलावर मांडण्यापेक्षा तो गाडीवर चढवलेला बरा दिसतो. सोनाराच्या काचेतली मखमली मान असते ना, तशी ती गाडी. हार विकायचाय, मानेवर डोकं आहे की नाही हे कुणी विचारत नाही. शोच्या आधीच्या रात्री तिथल्या गॅरेजांत झोप नसते, आणि इंजिन सुरूच न झालेली गाडी ढकलत हॉलमध्ये नेल्याचे प्रसंग तिथे नवे नाहीत. तारीख चुकवता येत नाही, कारण स्टॉलचे पैसे भरलेले असतात.

आणखी एक गंमत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढे स्टिकर म्हणजे पैशांचा पाऊस. प्रत्यक्षात बहुतेकांना रोख रक्कम मिळत नाही. कुणी माल फुकट देतो, कुणी निम्म्या दरात, कुणी नुसता व्यापारी भावात. मजुरी, रंग, वाहतूक, रात्रीची जागरणं बनवणाऱ्याच्याच अंगावर. तुझ्या मित्राला जरा जवळ बसवून विचार, त्याचे किती गेले. तो आकडा सांगायला लाजेल, पण आकडा असणार.

पदरचे घालून गाडी करणाऱ्यांचंही सगळंच पवित्र असतं असं मानू नकोस. अमेरिकेतल्याच डेट्रॉइटच्या ऑटोरामा या शोत १९६४ पासून रिडलर पुरस्कार दिला जातो. अट अशी की गाडी त्याआधी कुठल्याच शोत दाखवलेली नसावी. बक्षीस १०,००० डॉलर, आणि तिथे शेवटच्या आठात पोचणाऱ्या गाड्यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च झालेला असतो. तो बहुतेकदा मालकाच्याच खिशातला, म्हणजे नावाला पदरचाच. पण हात नामांकित गॅरेजचे असतात, मालक चेक फाडतो आणि वर्षानुवर्षं वाट बघतो. तुझ्या मोजपट्टीने तो मालक आणि तू एका रांगेत बसाल. बसायचंय का?

म्हणून पैसा कुणाचा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गॅरेजात कुठला पार्ट लावायचा यावर वाद झाला की शेवटचा शब्द कुणाचा, ते बघावं. रॅलीत तर प्रायोजकाशिवाय पान हलत नाही. १९९९ला सुरू झालेली रेड द हिमालय कितीतरी वर्षं मारुतीच्या प्रायोजकत्वाखाली झाली, आणि तुझ्या गाडीची भावंडं तिथे नेहमीची. पण रॅलीतल्या प्रायोजकाला गाडी शेवटपर्यंत पोचायला हवी असते. त्यामुळे शॉकअप कुठला, टायर कुठला हे मेकॅनिक ठरवतो, नाव दारावर कुणाचंही असो. शो-कारमध्ये प्रायोजकाचा मालच गाडीवर दिसायला हवा असतो, म्हणून मेकॅनिकचा शब्द पहिल्याच दिवशी संपतो. तुझ्या पत्रात दुकानाने यादी दिली आहे. तुला काय हवंय हे विचारल्याचा उल्लेख नाही. मला त्यातच सगळं दिसलं. तुझी बाकी कामं म्हणजे पाटे, शॉकअप, टायर, सीटा. त्यांच्या यादीत यातले फक्त टायर, तेही तुला नकोत त्या मापाचे. विंच तू कधी मागितला होतास? कराडात कुठल्या चिखलातून स्वतःला ओढून काढणार आहेस?

कायद्याचं मात्र थांबून वाच, कारण इथे पदरचे की परक्याचे याने काही फरक पडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीच्या कागदावर असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पाइपच्या बंपरबद्दल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. आता या यादीकडे बघ: टायर, उंची, बंपर, एलईडी बार. दंड मालकाला होतो, दुकानाला नाही. आणि करारानुसार तू दर आठवड्याला स्वतःच्या नंबरप्लेटसकट त्याचा पुरावा रील करून टाकणार. पोलिस असे व्हिडिओ बघून चलन पाठवतात, हे तुझ्या मित्रमंडळींत कुणाच्या तरी अनुभवाला असेलच.

विम्याचं तसंच. कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे दावा नाकारायला सगळ्यात सोपं निमित्त. थर्ड पार्टीच्या प्रकरणातही त्यावरून वाद उभा राहू शकतो. आणि तुझं पासिंग २०२८ला संपतं. पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी आरटीओच्या पटांगणावर उभी करायची तेव्हा निरीक्षक ३१चे टायर आणि पाइपचा बंपर बघून काय म्हणेल, ते दुकानदाराला विचार. करार तोवर चालू असेल तर सगळं काढून मूळचं बसवायचं, पास करून आणायचं आणि परत चढवायचं. हे बरेच जण करतात, मला ठाऊक आहे. त्यासाठी मूळचे टायर, रिम, बंपर सांभाळून ठेवावे लागतात आणि दोनदा मजुरी जाते. दुकानाने तुझा जुना माल बदल्यात ठेवून घेतला तर संपलंच.

कराबद्दल बाबांना सांग, कारण ‘दोन लाखांचा माल’ हे शब्द त्यांना फार गोड लागले असणार. १ जुलै २०२२ पासून असा नियम आहे की धंदा-व्यवसायाच्या निमित्ताने कुणाला वर्षात २०,००० च्या वर वस्तुरूपात लाभ दिला, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापून भरायचा. अगदी लहान उलाढालीचा दुकानदार यातून सुटतो. रील करून ज्याला वस्तू मिळतात तो यात येऊ शकतो, आणि वस्तू परत केली तर तो लाभ धरत नाहीत. म्हणजे मुद्दा असा: दोन वर्षांनी तो माल तुझा की त्यांचा? तुझा असेल तर दोन लाखांवर कर कोण भरणार ते आधीच ठरव. त्यांचा असेल तर दोन वर्षांनी ते येऊन चाकं काढून नेतील, आणि तू कापलेल्या मडगार्डसकट ठोकळ्यांवर उभी असलेली जिप्सी बघत बसशील. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर दुकानाने तोंडी दिलं असेल तर ते उत्तर नाही. आणि हो, फुकट मिळालेल्या वस्तूची रील टाकताना ती जाहिरात आहे हे ठळकपणे लिहावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत.

राहिली ट्रॉफी. तू मोकळेपणाने लिहिलं नाहीस, पण दुखतंय तिथेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडच्या शोत परीक्षक एका गाडीपाशी किती वेळ थांबतो ते तू पाहिलंस. तेवढ्या वेळात त्याला टायर, दिवे, चकाकी दिसते. सीटखालचा सडलेला पत्रा कापून तू नवा वेल्ड केलास, बॉडी आणि चॅसिस जिथे जुळतात तिथला गंज काढलास, हे त्याला दिसणार कसं? जिप्सी तिथेच सडते हे जिप्सीवाल्यांना माहीत, परीक्षकाला नसेल. मोठ्या अमेरिकन शोत गाडीखाली आरसे ठेवतात, तळ दिसावा म्हणून. तू आरसे नकोत, एक फलक कर. आधीचा फोटो, कापलेल्या पत्र्याचा फोटो, वेल्डिंगचा, प्रायमरचा. मामाच्या गॅरेजातला तो सांगाडा लोक थांबून बघतील, अलॉय नाही बघणार इतका. सीएनसीवर एखादा ब्रॅकेट किंवा बुश स्वतः केला असशील तर तो सुटा ठेव, लोकांना हातात घेऊ दे. त्यावर रंगही मारू नकोस, टूलच्या खुणा दिसू देत.

एका रांगेत उभं करणं बरोबर आहे का, तर नाही, आणि ते आयोजकांना सांगायला तुझ्यासारख्यांनी पाच-सहा जणांनी मिळून जायला पाहिजे. दुकानांच्या गाड्यांचा एक गट, मालकाने स्वतः केलेल्यांचा दुसरा. आयोजकांना आणखी एक ट्रॉफी जड नाही. स्टॉल घेणारी दुकानं नाराज होतील ही त्यांची भीती असते. पण वेगळ्या गटाने दुकानाची ट्रॉफी जात नाही हे समजावलं की ऐकतात. मित्राशी मात्र यावरून अबोला धरू नकोस. त्याची गाडी दुकानाच्या पोरांनी रात्री जागून केलीय, त्यांच्याही हाताला कसब आहे. त्याने खोटं काही केलेलं नाही. तू प्रायोजक घेतलास तर तेही खोटं ठरणार नाही, फक्त कुणी काय दिलं ते फलकावर लिही. लोकांच्या तोंडाला मग विषय उरत नाही.

तर दुकानाला काय सांगायचं? नाही म्हणून उठून येऊ नकोस, ते तुझ्याकडे आले आहेत याचा अर्थ तुझं काम त्यांना दिसलंय. उलटी यादी घेऊन जा. टायर २३५/७५ आर १५, उंची २९ इंचांच्या आत, काटा दहा टक्क्यांनी फसवेल पण गिअर सांभाळून घेतील; जिप्सीवाल्यांत हे माप नेहमीचं आहे. हेही मूळ माप नाही, म्हणून कागद आणि विम्याचं आधी विचारूनच, आणि मन खात असेल तर मूळ मापाचे नवे टायर माग. मूळ उंचीचे चांगले शॉकअप. बंपर, विंच, बार नकोत. एवढ्यासाठी फुकट मागू नकोस, व्यापारी भाव माग. बदल्यात मागच्या काचेवर एक स्टिकर, सहा महिने, आणि काम चालू असताना शॉकअप बसवतानाचे दोन-तीन व्हिडिओ. ते त्यांच्याही फायद्याचं आहे, कारण शॉकअप बदलायला येणारा गिऱ्हाईक ३१चे टायर घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. वर्षात वीस हजारांच्या आत सवलत राहिली तर दुकानाला तो कर कापायचीही कटकट नाही. एका पानावर लिहून दोघांनी सही करा: माल कुणाचा, किती दिवस, स्टिकर कुठे, बिघाड झाला तर बदलून कोण देणार. जानेवारीची तारीख त्यात घालू नकोस.

दुकानदार म्हणेल, आमचं पॅकेजच असतं, तुकड्यात देत नाही. मग चहा पिऊन निघ. पाटे आधी करून घे, त्यांना तसंही कुणी प्रायोजक मिळणार नाही, पाटा फोटोत दिसत नाही. मामांना सांगून पुढच्या नकलची बेअरिंग तेव्हाच उघडून बघ, पाट्यांसाठी चाकं निघालेली असतील तोवर. ब्रेकचे होज जुने असतील तर तेही बदल. सीटा सगळ्यात शेवटी. कराडहून पुण्याला जायला सध्याच्या चालतील.